जिभेला न चिकटलेली माती

मी सोनईच्या कुंभाराची लेक, लता. आमच्यात माती आधी चाखायची, हसू नका, खरंच. आई चिमूटभर जिभेवर ठेवायची, जिभेला चिकटली आनि दाताखाली कचकचली न्हाई तरच ती अंगाला लावायजोगी. मंग भिजवून आधी सोताच्या मनगटाला लावायची आनि दिसभर तशीच हिंडायची. गावातल्या बायका न्हायाची माती न्यायला यायच्या, पन आईचं मनगट बघितल्याबिगर कोनी पुडी उचलायचं न्हाई.

लग्न होऊन बेलापूरला आले, भिंतीला भिंत लागून जुबेदा. दोघींनी पुड्यांचा धंदा काढला. मुलतानी तेलकट तोंडाला, तांबडी केसांना, पांढरी नाजूक कातडीला. चाखायची मी, भरायची ती. ती म्हनायची, लते, तुझी जीभ म्हंजे आपलं दुकान. लई हसायचो आमी.

पांढरी माती माझा भाऊ रमेश नगरहून टेम्पोनं पाठवायचा. तो गनपतीच्या कारखान्यात कामाला. आई गेली तवा तो येवढासा हुता, मीच त्याला न्हाऊ-माखू घातलं, आता काय सांगू तुमाला. तर त्या खेपेला पोतं उघडलं, चिमूट जिभेवर ठेवली, चिकटंना. पान्यात कालवली तर वाटी कोमट लागली. माती कधी गरम व्हती का, तुमीच सांगा. माती गार पडती. गरम व्हतं ते मूर्तीचं प्लास्टर. मी रमेशला फोन केला, तो म्हनाला आक्का, तुझी शपथ, नेहमीचीच माती हाय. मी मनाला म्हनलं, टाकीचं पानी उन्हानं तापलं आसंल. मनगटाला लावली न्हाई. लावायलाच पायजे हुती. भावाचा शब्द हुता ना, म्हनून पोतं जुबेदाकडं सरकवलं.

त्याच आठवड्यात जुबेदाच्या निलोफरचा निकाह. पोरीचे केस कमरेखाली. टाळू नाजूक, म्हनून जुबेदानं पांढरी मातीच दह्यात कालवून लावली, वर फडकं बांधलं, आनि बायका मेंदीला बसल्या. पोरगी म्हनाली अम्मी, डोकं पोळतंय. फडकं सोडलं तर केसांचं मडकं झाल्यालं. तेल वतलं, पानी वतलं, शेवटी कात्री घ्यावी लागली. मानेपर्यंत.

जुबेदानं भरल्या घरात मला इचारलं, लते, अल्लाकसम सांग, चाखली व्हतीस ना. मी म्हनलं, चाखली हुती, चांगली हुती, तूच त्यात कायतरी कालवलं आसशील.

येवढंच बोलले मी. बायका तिच्याकडं बघाया लागल्या. ती माझ्याकडं बघत हुती. तिनं परत कधी इचारलं न्हाई.

मंग रमेशकडं गेले, रडले, भांडले. तो म्हनाला, आक्का, कारखान्यात सांडलेलं प्लास्टर झाडून भरलं, खरं हाय, पन तू तर चाखून बघतीस ना, मला वाटलं तुला कळलंच आसंल. त्यानं मला फसवलं, ह्यो सल हायच. पन त्याचं ते बोलनं खोटं हाय का, सांगा. मला कळलंच हुतं. भावानं मला दगा दिला आनि मी तो उचलून जुबेदाच्या माथ्यावर ठेवला.

सात वर्सं झाली. धंदा मी बंद केला. जुबेदा आता एकलीच करती, फक्त मुलतानी आनि तांबडी, पांढरीला हात लावत न्हाई. पुडी द्यायच्या आधी बायकांना सोताचं मनगट दाखवती, माझ्या आईगत. भिंतीपल्याड तिची वाटी वाजलेली मला ऐकू येती.

निलोफर सासरी सुखी हाय, केस परत कमरेला आले म्हनत्यात. देव तिला असंच ठेवो.

तुमी हे लिहिताय ना, तर एक करा. जुबेदाला मराठी वाचता येत न्हाई. निलोफर म्हायेराला आली की तिच्या हातात द्या, तिला मोठ्यानं वाचायला सांगा. मी भिंतीच्या ह्या बाजूला बसल्याली आसंन. जुबेदानं हाक मारली तर जाईन. न्हाई मारली तरी, निदान तिनं कायबी कालवलं नव्हतं, हे तिच्या घरात मोठ्यानं बोललं जाईल.