रक्ताला विचारा!

मंडळी, ऐका. एक सवाल टाकतो — माया करायची म्हणजे नेमकं काय करायचं? घाबरून जवळ घ्यायचं? का "काही होत नाही" म्हणून मोकळं व्हायचं? सांगा की! बरं, आधी आख्यान ऐका.

गुऱ्हाळवाले केरबा आणि त्यांची कारभारीण भागीरथी. लेकरूबाळ नाही, पण घरात दोन कुत्री. ढवळ्या — हा एवढा थोरला! रस्त्यानं निघाला की म्हैस बाजूला व्हायची. आणि दुसरी बुंदी. आता कुत्रीचं नाव बुंदी का? अहो, एवढीशीच होती! (हसा, हसा. देवाला हसणारी माणसं आवडतात.)

तर गेल्या वर्षी काय झालं — बुंदीला लसी टोचल्या, आणि घरी येईस्तोवर तोंड भोपळ्यासारखं सुजलं! श्वास लागला! डॉक्टरीणबाईंनी धावत येऊन औषध टोचलं, म्हणून वाचली. भागीरथीनं तेव्हाच ठरवलं — आता सुई नको!

वर्ष सरलं. आणि खालच्या गल्लीतल्या कुत्र्यांत साथ आली. पार्व्हो! रक्ताची हगवण, उलट्या — पिल्लं पटापट जायला लागली.

केरबा म्हणाले, "बुंदीला टोचून आण. ढवळ्याला कशाला? त्याला काय धाड भरलीय?"

भागीरथी म्हणाली, "अवो, टोचलं तर सुईनं मरंल, न्हाई टोचलं तर रोगानं! मी करू काय?"

रडली हो बाई! आणि दोन्ही कुत्री घेऊन, केरबांनाही ओढत, दवाखाना गाठला. त्याच डॉक्टर मुलाणीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मावशी, अंदाजानं कशाला ठरवायचं? रक्तालाच विचारू की! आधीच्या लसीची ताकद अंगात शिल्लक असेल, तर रक्तात दिसते. असेल तर ती लस आत्ता नको."

"आणि पिसाळू नये म्हणून देतात ती, पिसाळायची लस?" भागीरथीनं विचारलं.

"ती चुकवायची नाही! ती चाचणीवर सोडायचीच नाही. बुंदीला ती एकटीच देऊ, इथंच बसवून ठेवू, औषध हाताशी ठेवू."

केरबा हसले. "ढवळ्याचं रक्त कशाला वाया घालवता?" बाई म्हणाल्या, "आलाय तर बघू या!"

मंडळी, तुम्हाला काय वाटतं? कुणाच्या अंगात ताकद निघाली? ढवळ्याच्या? सगळ्यांना तसंच वाटलं होतं!

थोड्या वेळात तिथंच अहवाल आला — बुंदीच्या रक्तात पार्व्होविरुद्ध भरपूर ताकद! आणि ढवळ्याच्या? काही नाही! एवढा डोंगर — आतून उघडा!

"लहानपणी टोचलं होतं की ओ!" केरबा ओरडले.

बाई म्हणाल्या, "फार लहान असताना टोचलं असेल. आईकडून आलेली ताकद अंगात असली, की लस लागू पडत नाही कधी कधी."

केरबांनी ढवळ्याला जवळ ओढलं. का? रोज सकाळी ढवळ्याला घेऊन ते त्याच खालच्या गल्लीतून जात होते! त्याच्या मानेत हात घालून म्हणाले, "मी तुला इचारलंच न्हाई रं..."

तिथंच ढवळ्याला लस दिली. ताकद यायला वेळ लागतो, म्हणून त्याला घरात बांधला. गुऱ्हाळावर केरबा एकटेच जायचे. बुंदीला पिसाळायची तेवढी टोचली. भागीरथी तिचं तोंड न्याहाळत बसली — सूज येते का, सूज येते का... नाही आली! साथ ओसरली, दोन्ही कुत्री सुखरूप!

आता मंडळी, कुत्र्यांचं सोडा. तुमच्या घरात असा ढवळ्या कोण आहे? जो कधी कण्हत नाही, सगळ्यांचं ओझं उचलतो, आणि ज्याला "तुझं बरं आहे ना?" असं कुणी विचारतच नाही? रडणाऱ्याला आपण जवळ घेतो — घ्यावंच! पण न रडणाऱ्याला?

आज घरी जाल, तेव्हा देवापुढं दिवा लावायच्या आधी त्याच्याजवळ बसा. विचारा. आणि "काही नाही" म्हणाला, तर लगेच उठू नका! बोला, विठ्ठल विठ्ठल!