वरातीच्या घोडीची वेणी

(सडक अर्जुनी. अंगणात खुंट्याला बांधलेली लाडी नावाची पांढरी घोडी. तिच्याजवळ सून दुर्गेश्वरी, बाजेवर सासू अनुसयाबाई.)

अनुसयाबाई : मांगून नोको उभी राहू पोरी! लात बसंल त दात हातात येतीन. बाजूले ये.

दुर्गेश्वरी : आले, आत्याबाई. आता?

अनुसयाबाई : शेपटीतलं हाड चाचपून पाह्य. थे जेथं सरते, तेथून खाली तीन पेड घे. रिबीन केसावर बांधाची, हाडावर नाही. आयाळीची वेणी घातलीस, तशीच घाल. माह्या हातानंही अशी कधी झाली नाही.

दुर्गेश्वरी : तेच चुकलं माझं. आयाळ मुद्दाम बिघडवायला पाहिजे होती.

अनुसयाबाई : कायले?

दुर्गेश्वरी : काल जेवताना मामाजी काय बोलले, ऐकलं ना तुम्ही? 'लाडीनं तुह्या हाताखाली मान टाकली त तू घोडीची, नाही टाकली त खुशाल जाय नर्सिंगले.' लिस्टमध्ये नाव लागलंय माझं. सोमवारी गोंदियात कागदं द्यायचेत. अन् या लाडीबाईनं सकाळी माझ्या खांद्यावर मान टाकून डोळे मिटले! बरं तर बरं, मामाजींनी पाहिलं नाही.

अनुसयाबाई : एका घोडीले एकाच बाईचा हात, हा या घराचा कायदा हाय. हेमेंद्र काय म्हणते?

दुर्गेश्वरी : काय म्हणणार! 'बाबूजीले विचार.'

अनुसयाबाई : माहाच पोरगा, पण बापासमोर जीभ टाळूले चिकटते थ्याची.

दुर्गेश्वरी : तुमचे किती वर्षं गेले यात?

अनुसयाबाई : चौतीस. आता हे बोटं पाह्य, मूठ वळत नाही. म्हणून तुह्यावर आलं... थांब. लाडीनं कान काऊन मांगं टाकले?

दुर्गेश्वरी : काही नाही.

अनुसयाबाई : पाय उचलून राहिली थे. हाडावर आवळलीस ना?

दुर्गेश्वरी : हो, आवळली! आज सौंदडच्या वरातीत दोनदा उधळू दे तिला. मामाजी म्हणतील, सुनेचा हात जमत नाही. सुटेन मी.

अनुसयाबाई : सोड थे. आधी सोड, मंग बोल.

दुर्गेश्वरी : आत्याबाई...

अनुसयाबाई : तुह्या सासऱ्याचा पाय कसा मोडला, ठाऊक हाय?

दुर्गेश्वरी : बँडच्या आवाजानं घोडी बिचकली म्हणे.

अनुसयाबाई : बँड तवा वाजतच नव्हता. मी नवी नवरी होती. दवनीवाड्याले माह्या सख्ख्या भावाचं लग्न, आठ दिवसांवर. सासू म्हणे, सीझनात घोडी सोडून कोठं जायचं नाही. म्या रिबीन आवळली. अशीच, हाडावर. वाटलं, दोन उड्या मारंल, सासू म्हणंल हिले येत नाही, धाडा माहेरी. घोडीनं नवरदेव पाडला, अन् लगाम धरणाऱ्याच्या पायावर आली. लगाम कोन धरून होतं?

दुर्गेश्वरी : मामाजी.

अनुसयाबाई : भावाचं लग्न त गेलंच. पण त्या दिसापासून म्या एकही वरात चुकवली नाही. कोणी बांधून ठेवलं नव्हतं मले. पण त्याचं लंगडणं पाहून कोण्या तोंडानं सोडू म्हणू? आज पहिल्यांदा कोणाले सांगून राहिली मी.

दुर्गेश्वरी : मग मी काय करू? इकडं आड, तिकडं विहीर! चांगली घातली तर मी अडकले, वाईट घातली तर कोणाचा तरी पाय जाईल.

अनुसयाबाई : लाडीचा काय गुन्हा? चांगली घाल.

दुर्गेश्वरी : मला रडू येते हो.

अनुसयाबाई : येऊ दे. पेड सुटू देऊ नोको. खाली वीतभर मोकळी ठेव, माश्या हाकलाले लागते तिले. झाली? आता कंगवा इकडं दे, अन् आत जाऊन हात धू. बोटाले पांढरे केस चिकटले तुह्या.

दुर्गेश्वरी : पण...

अनुसयाबाई : जाय म्हटलं ना. पाय घासत येऊन राहिला थो.

शालीकराम (सासरे, लंगडत येत) : हो गया क्या? बँडवाले सौंदडले पोचले बी! अरे वा, वेणी त एकदम झकास! जमला म्हणजे सुनेचा हात.

अनुसयाबाई : सुनेचा कुठला! लाडीनं तिले जवळ फटकू दिलं नाही. मीच घातली.

शालीकराम : तू? तुह्याच्यानं त पोळी तुटत नाही.

अनुसयाबाई : हळूहळू घातली. पोरगी सोमवारी गोंदियाले जाईल. तुमीच बोलले होते.

शालीकराम : बोललो होतो... पण परवा डुग्गीपारची वरात हाय, अनुसया. मंग पूरा सीझन. थेव्हा कोन घालंल?

अनुसयाबाई : कंगवा माह्या मनगटाले बांधून देजा. घालीन मी.