हत्ती पुढे, हत्ती मागे

सिविल लाइन्सच्या बसथांब्यावर रांगेत माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं. यजमानांच्या काखेत बुद्धिबळाचा पट होता.

“अहो, पण डाव बरोबरीत सुटणार होता ना?”

“सुटायलाच हवा होता! पटावर तीच मांडणी तीनदा आली की बरोबरी मागता येते. मी मागितली.”

“मग?”

“पंच म्हणाले, खेळ्या लिहिलेला कागद दाखवा.”

“तुम्ही लिहिल्या नव्हत्यात?”

“लिहिल्या की! हत्ती पुढे, हत्ती मागे. पुन्हा तेच झालं, म्हणून खाली डिट्टो.”

“डिट्टो?”

“त्याच्याखाली पुन्हा डिट्टो. अगं, ऑफिसात सगळे रकाने आम्ही तसेच भरतो. बडेसाहेब निमूट सही करतात.”

“आणि पंच?”

“म्हणे, याला खेळ्या लिहिणं म्हणत नाहीत, बरोबरी मिळणार नाही. त्या संतापात माझा वजीर गेला.”

“मतलब, हरलात.”

“आता घरी बाबा निकाल विचारतील. काय सांगू त्यांना?”

“मागच्या वर्षी काय सांगितलं होतंत?”

“हरलो म्हणून.”

“मग त्याच्याखाली डिट्टो.”