अळीची कात आणि जनीची पोपटी

काशिराम : नुसत्या जित्या नाय हायत, मजेत हायत! ही बरणी बगा. परवा फवारलं, नि आज सकाळी वालावरनं या अळ्या उचलल्या. चारुशेट, तुमच्या दुकानातनं दवा म्हनून तुमी मना पानी इकलंत.

चारुदत्त : काका, हळू. अर्धं पनवेल मार्केट ऐकतंय.

काशिराम : ऐकू दे! रविवारी उरनवरनं व्याही येनार. मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, पोपटी लावायची नि ती खाता खाता आमच्या जनीच्या लग्नाची तारीख धरायची. विहीनबाईंच्या शेंगेत अळी निघाली म्हंजे?

चारुदत्त : कोंबडी असतेच, जोडीला अजून थोडं नॉनव्हेज.

काशिराम : मस्करी नको. फटकन मरतील असं जालीम कायतरी द्या.

चारुदत्त : अहो, हे औषध फटकन मारणारं नाहीच. ग्रोथ रेग्युलेटर आहे. अळी खाते, फुगते, अंगावरचं कातडं तंग झालं की कात टाकते. हे पोटात गेलं की आत नवं कातडं नीट तयारच होत नाही. मग जुनं सुटत नाही आणि नवं टिकत नाही.

काशिराम : म्हंजे लग्नातला कोट बसत नाय, नि नवा शिवनारा शिंपी पळाला.

चारुदत्त : करेक्ट! फक्त वेळ लागतो. ही तळाशी बघा. कात अर्धी निघालीय आणि तिथेच अडकलीय.

काशिराम : आयला, हो की! नि मी आमच्या गावात, नेऱ्यात, सगळ्यांना बोंबलून आलो, चारुशेटनं फसवला म्हनून.

चारुदत्त : आता उलटं बोंबला. पण काका, या रविवारी शेंगा तोडायच्या नाहीत हं. फवारल्यावर थांबावं लागतं, पत्रकात लिहिलंय. पोपटी पुढे ढकला.

काशिराम : मेलो! पाव्हन्यांना काय तोंड दाखवू?

चारुदत्त : बाजारातून शेंगा आणा.

काशिराम : घरचा वाल उभा असताना व्याह्यांना इकतची पोपटी? त्यापेक्षा उपाशी ठेवीन!

चारुदत्त : मग लावा फोन. स्पीकरवर ठेवा, मी समजावतो.

(काशिराम उरणला विहीणबाईंना, रंभाला, फोन लावतो.)

रंभा : बोला व्याही! मी तं रविवारचं लुगडं पन काडून ठेवलंय.

काशिराम : विहीनबाई, तेच... पोपटी जरा लांबली. शेंगांवर दवा मारलीय.

चारुदत्त : ताई, मी दुकानदार बोलतोय. काकांची चूक नाही. अळीला कात टाकताना...

रंभा : ओ दुकानदार, अळीचं अळी बगून घेल! व्याही, तुमी एवडं घाबरताव कशाला? मना राग नाय आला.

काशिराम : पन लग्नाची तारीख पुढं जानार ना.

रंभा : जाऊ दे. मागनं येऊ, दर्याचा चांगला म्हावरा घेऊन येऊ. तवर जनी तुमच्याकडं जास्त राहील. ठेवते.

चारुदत्त : बघा, किती सोपं होतं! काका? अहो काका, कसला विचार करताय?

काशिराम : चारुशेट, आनखी एकदा फवारलं तं चालंल का?