आडवी मान

त्सोन्का मावशी : तिकीट कसलं रे? शेजाऱ्याकडे जाताना तिकीट काढतोस? हे संग्रहालय म्हणजे आपल्या गल्लीची बैठकच. काल तुझ्या आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला चर्चमध्ये धड बोलताही आलं नाही. बस, कॉफी घेणार ना?… नको? बरं, राहिलं.

ल्युबेन : अहो मावशी, हवीय की! मान हलवली ना मी.

त्सोन्का मावशी : खालीवर हलवलीस. आपल्या बल्गेरियात ते 'नाही' असतं, विसरलास? 'हो' म्हणजे आडवी. बावीस वर्षांत तुझी मानसुद्धा जर्मन झाली बघ!

ल्युबेन : सवय लागलीय. आईचं चित्र कुठेय?

त्सोन्का मावशी : ते काय, खिडकीपाशी. अर्धांगाने वाचा गेली, उजवा हात गेला, तरी दर गुरुवारी इथे चित्रं काढायला यायची. डाव्या हाताने काढलंय.

ल्युबेन : आमचं स्वयंपाकघर. आई बसलीय… दुसरी खुर्ची रिकामी का?

त्सोन्का मावशी : तुझी ना ती. या चित्रांच्या प्रदर्शनाला तू येणार म्हणून सगळी गल्ली जमली, मी चीज भरून बानित्सा भाजली. संध्याकाळपर्यंत थांबलो. चार शिव्या हासडल्या मी तुला. ती मात्र दाराकडेच बघत होती.

ल्युबेन : मी येणार, असं कोण म्हणालं?

त्सोन्का मावशी : तूच! तिच्यासमोर फोन मीच धरला होता. व्हिडिओवर तू विचारलंस, 'आई, येऊ का मी?'

ल्युबेन : आणि तिने मान हलवली. आडवी.

त्सोन्का मावशी : किती वेळा! मग तू म्हणालास, 'बरं आई, तू म्हणशील तसं.'

ल्युबेन : मावशी… मला वाटलं, ती नको म्हणतेय.

त्सोन्का मावशी : अरे देवा!

ल्युबेन : विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं, ते रद्द केलं. वर बरंही वाटलं मला, कामं पडली होती ना! आणि पंधरा दिवसांत ती गेल्याचा तुमचा फोन.

त्सोन्का मावशी : तू आला नाहीस तेव्हाच करायला हवा होता मी फोन. रागात बसून राहिले. चुकलंच माझं.

ल्युबेन : तुमचं नाही हो. आईची मान मला कळू नये?

त्सोन्का मावशी : रड, रड. इथे कुणी काही म्हणत नाही… ती चित्रातली खुर्ची आम्ही तिच्या घरून आणून त्याच्याच खाली ठेवलीय. कुणी बसत नाही तिच्यावर. तू बसतोस?

(ल्युबेन मान हलवतो.)

त्सोन्का मावशी : मानेने नको, बाळा. तोंडाने सांग.