दोन राजीनामे आणि एक जागा

प्राचार्य : ...आणि म्हणून, अत्यंत जड अंतःकरणाने, दोघांचेही राजीनामे मंजूर करण्यात आले आहेत. आजपासून आपल्या कॉलेजच्या अर्थशास्त्र विभागात कोणीही नाही.

सर : बरं. मॅडम, दुसऱ्या वर्षाचा तास तुम्ही घेताय की मी जाऊ?

मॅडम : मी जाते. तुमचा घसा बसलाय.

प्राचार्य : मी आत्ता काय म्हणालो ते ऐकलंत ना?

सर : नाही.

प्राचार्य : मग पुन्हा सांगतो.

मॅडम : सांगा की. आम्ही पुन्हा ऐकणार नाही. तुम्ही म्हणणार, राजीनामा... थांबा. थांबा हं जरा. ‘दोघांचेही’?

प्राचार्य : दोघांचेही.

मॅडम : पण मी एकटीनेच दिला होता.

सर : तू कशी एकटी? मी एकट्याने दिला होता.

मॅडम : सर! तुम्ही राजीनामा दिलात?

सर : तू दिलास?

प्राचार्य : म्हणजे तुमचं एकमेकांशी बोलणंच झालं नव्हतं? मला वाटलं, ठरवून केलंत. मी तर घरी बायकोला सांगितलं, काय एकी आहे बघ या विभागात.

मॅडम : सर, पेन्शन तोंडावर आलीय आणि तुम्ही खुशाल राजीनामा देऊन मोकळे? काकूंना तरी विचारलंत का?

सर : तीच म्हणाली, द्या. म्हणाली, त्या पोरीच्या घरात कमावणारं दुसरं कोण आहे? आई अंथरुणाला खिळलेली, मुलगा शाळेत. तुम्ही घरी बसा, मी करीन सहन.

मॅडम : पोरगी काय? चाळिशी उलटली माझी.

सर : माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून फळ्यावरच्या चुका काढायचीस. तेव्हा होतीस ती पोरगी. मी पुढचं काही नोंदवलेलं नाही.

प्राचार्य : हे सगळं हृद्य आहे. पण मागच्या सोमवारी, याच खोलीत, मी दोघांना काय सांगितलं होतं? संस्थेला अर्थशास्त्राची एकच जागा ठेवायची आहे. तुम्ही समंजस माणसं आहात, आपसात ठरवा.

मॅडम : ठरवलं ना. वेगवेगळं बसून ठरवलं, एवढंच.

सर : त्याचं असं आहे साहेब, आम्ही अर्थशास्त्राची माणसं. समोरचा काय करील याचा अंदाज बांधल्याशिवाय आम्ही चहासुद्धा सांगत नाही. मी म्हटलं, ही हट्टी, ही काही जागा सोडणार नाही, म्हणजे मी सोडली की मिटलं.

मॅडम : आणि मी म्हटलं, सरांची तीनच वर्षं राहिलीत, ते कशाला सोडतील? विचारायला गेले असते तर त्यांनी मला शपथ घातली असती. म्हणून नाही विचारलं.

सर : मीही म्हणूनच.

प्राचार्य : म्हणजे दोघांचेही अंदाज साफ चुकले.

सर : साफ. आणि अंदाज कसा बांधावा हे पहिल्या वर्षाला मीच शिकवतो. त्या मुलांची काळजी वाटायला लागली मला.

मॅडम : ते राहू दे. प्राचार्यसाहेब, मला सांगा, तुम्ही माझा राजीनामा मंजूर किती पटकन केलात हो?

प्राचार्य : तुम्ही दिलात, मी घेतला. नियमाप्रमाणे.

मॅडम : असा घेतात? ‘मॅडम, फेरविचार करा’ नाही. ‘बसा, पाणी घ्या’ नाही. पहिल्याच शब्दाला हो! अहो, माझं सगळं संशोधन यावर आहे. गिऱ्हाइकाने अशीतशी एक किंमत सांगावी आणि दुकानदाराने ‘घेऊन जा’ म्हणावं, की संपलं. गिऱ्हाईक घरी जाऊन ती वस्तू चारही बाजूंनी ठोकून बघतं. म्हणतं, खोट असणार. काल रात्रभर मी स्वतःला ठोकून बघत होते.

प्राचार्य : त्या संशोधनानेच तर घात केला, मॅडम! विसरलात का? कॉलेजच्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या फोटोखाली ‘संशोधनाचा विषय’ टाकायचा होता. कॉमर्सवाल्यांनी टाकलं, ‘जागतिक भांडवली बाजार’.

सर : त्यांनी पोस्टात बचतखातं काढलं तेव्हा फॉर्म मी भरून दिला होता.

प्राचार्य : तरी टाकलं ना! भूगोलवाल्यांनी टाकलं, ‘हवामानबदल’. मी स्वतः टाकलं, ‘नेतृत्व’. आणि तुम्ही दोघांनी काय टाकलंत? मॅडम, तुमच्या फोटोखाली ‘घासाघीस’. आणि सर, तुमच्या फोटोखाली... मला उच्चारवत नाही.

सर : ‘बशीतलं शेवटचं बिस्किट’.

प्राचार्य : संस्थेच्या अध्यक्षांनी ते वाचलं. मोठ्याने वाचलं. भर सभेत. मला विचारलं, हे कॉलेज आहे की टपरी?

सर : त्यात गैर काय आहे? स्टाफरूममध्ये बशी येते. चौघं बसलेले असतात. शेवटचं बिस्किट उरतं आणि चौघंही म्हणतात, तुम्ही घ्या, तुम्ही घ्या. कोणी घेत नाही. ते मऊ पडतं. सगळ्यांना हवं असलेलं बिस्किट फुकट जातं. एवढा मोठा प्रश्न आहे हा, आणि लोक भांडवली बाजाराकडे बघत बसलेत.

प्राचार्य : इतकी वर्षं हेच बघताय तुम्ही?

सर : अधूनमधून बिस्किटं बदलली.

मॅडम : आणि अध्यक्षांनी तर बोलूच नये. माझं निम्मं निरीक्षण त्यांच्याच फरशीच्या दुकानात झालंय. भाव लगेच मान्य झालेली माणसं फरशी कानाला लावून वाजवतात. मी कोपऱ्यात उभी राहून टिपून घ्यायचे.

प्राचार्य : हो, आणि त्यांना वाटलं तुम्ही विक्रीकर खात्याच्या! आठवडाभर त्यांनी तुम्हाला सरबत पाजलं. कॉलेजच्या बाई आहेत हे कळलं तेव्हापासून त्यांचा या विभागावर डोळा आहे. मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, विषय बदला. ‘शाश्वत विकास’ टाका. कोण विचारतंय?

मॅडम : मला माहीत नाही त्या विषयातलं काही.

प्राचार्य : कोणालाच नाही. म्हणून तर तो चालतो.

मॅडम : मग मला माहीत असलेलंच चालवीन मी. आईला उचलून बसवावं लागतं घरी, पण मान माझी मी ताठ ठेवते. जे बघितलंय तेच माझ्या फोटोखाली राहील. फोटो काढून टाका पाहिजे तर.

प्राचार्य : फोटो कालच काढला.

सर : माझाही?

प्राचार्य : तुमचा निघत नाहीये. काहीतरी तांत्रिक अडचण आहे. तुमच्या फोटोखाली सध्या ‘जागतिक भांडवली बाजार’ दिसतंय.

सर : अरे देवा. नातवंडं बघतात हो ते.

प्राचार्य : असो. तर जागा रिकामी आहे. म्हणजे होती. काल संध्याकाळी तुम्ही दोघं घरी गेल्यावर कॉमर्सवाले सर सहज डोकावले. म्हणाले, अर्थशास्त्राची जागा रिकामी दिसतेय, कोणाची नसेल तर मी बघतो.

सर : सहज डोकावले?

प्राचार्य : सहज.

सर : बसले होते की उभे होते?

प्राचार्य : उभेच होते. का?

सर : आणि ‘कोणाची नसेल तर’ असंच म्हणाले? हेच शब्द?

प्राचार्य : हेच. सर, तुमचे डोळे असे का चमकतायत?

सर : अहो, हाच तर माझा निष्कर्ष! बशीभोवती बसलेल्यांपैकी कोणी ते बिस्किट खात नाही. बाहेरून एक जण येतो, बसतसुद्धा नाही, ‘कोणाचं आहे का हे?’ विचारतो आणि उत्तर यायच्या आत तोंडात टाकतो. दर वेळी! इतक्या वर्षांत मला एवढं स्वच्छ उदाहरण मिळालं नव्हतं. मॅडम, कागद आहे का तुमच्याकडे?

मॅडम : सर, ते बिस्किट म्हणजे आपली नोकरी आहे.

सर : हो. ते आलं लक्षात. पण उदाहरण स्वच्छ आहे.

प्राचार्य : हे बघा, मी काही वाईट माणूस नाही. कॉमर्सवाल्यांना मी अजून होकार दिलेला नाही. अध्यक्ष गावाला गेलेत. ते यायच्या आत एक राजीनामा मी फायलीतून... वाऱ्याने उडाला म्हणू शकतो. पंखा जोरात आहे इथला. पण एकच. दोन उडाले तर चौकशी होईल. तेव्हा तुम्ही दोघं जरा बाहेर जा, शांतपणे बोला, आणि कोणाचा उडवायचा ते आपसात ठरवा.

मॅडम : काय म्हणालात?

प्राचार्य : आपसात ठरवा.

मॅडम : नाही.

प्राचार्य : म्हणजे कोणाचा नाही?

मॅडम : म्हणजे ठरवणार नाही. सर, तुम्ही ठरवताय?

सर : मी? मी नाही बुवा. मागच्या सोमवारी ठरवलं, त्याने पोट भरलं.

प्राचार्य : अहो, वेडेपणा करू नका! एक जण तरी वाचेल!

मॅडम : मग तुम्ही सांगा कोण. आहात ना प्राचार्य? नेतृत्व लिहिलंय ना फोटोखाली? दाखवा बोट. ‘मॅडम, तुम्ही नको,’ म्हणा. नाहीतर ‘सर, तुम्ही नको,’ म्हणा. सरळ तोंडावर. आम्ही उठून जाऊ.

प्राचार्य : मी कसं म्हणू?

मॅडम : का?

प्राचार्य : यांनी माझ्या मुलीला फुकट शिकवलंय. आणि तुम्ही... तुमच्या आईंना मी दवाखान्यात भेटून आलोय. मी कोणाला नको म्हणू? मला रस्त्यात तोंड दाखवायचं असतं, मॅडम.

मॅडम : हां. म्हणजे तुम्हाला आमच्यापैकी कोणाला नको म्हणायचं नाही, अध्यक्षांनाही नकार द्यायचा नाही. ते काम आम्ही एकमेकांच्या बाबतीत करायचं. मी सरांना नको म्हणायचं, ज्यांनी माझी परीक्षेची फी स्वतः भरली. आणि सरांनी मला. मग तुम्ही म्हणणार, दोघांनी आनंदाने ठरवलं.

सर : काय मांडलंस गं! हे मला इतक्या वर्षांत बशीत दिसलं नाही. मी बिस्किटाकडेच बघत राहिलो. बशी कोण पाठवतंय आणि त्यात कमी बिस्किटं का घालतंय, ते बघितलंच नाही.

प्राचार्य : आणि तोपर्यंत करणार काय तुम्ही? हजेरीपटावर नाव नाही. पगार नाही. विभागाच्या खोलीला कुलूप घातलंय.

सर : व्हरांडा आहे.

प्राचार्य : व्हरांड्यात फळा नाही.

सर : भिंत आहे. संस्थेने रंगवून बरीच वर्षं झालीत. खडू उमटतो.

प्राचार्य : मुलं येणार नाहीत!

मॅडम : खिडकीतून बघा. बसलीत ती. आज जास्तच दिसतायत. आम्हाला काढलं म्हटल्यावर पहिल्यांदाच सगळी वेळेवर आलीत.

(तासाची घंटा होते. कोणी उठत नाही.)

प्राचार्य : ठीक आहे. ठीक आहे! तुमचं जे काही म्हणणं असेल ते लेखी द्या. मी वर पाठवतो.

सर : वर म्हणजे कुठे?

प्राचार्य : वर म्हणजे वर. आजवर तिकडून काही उत्तर आलेलं नाही, पण पाठवतो मी नियमाने.

सर : मग लिहा मॅडम. तुमचं अक्षर बरं आहे. मोठ्याने वाचत लिहा म्हणजे यांना नंतर माहीत नव्हतं म्हणता येणार नाही.

मॅडम : लिहिते. ‘महोदय. आम्ही खाली सही करणारे, अर्थशास्त्र विभागात नसलेले दोन प्राध्यापक, असे नम्रपणे नमूद करतो की आमच्या तासाची घंटा झालेली असल्याने आम्ही शिकवायला जात आहोत. सबब विनंती की, यापुढे जागा एक आणि माणसं दोन असतील तेव्हा संस्थेने स्वतः पुढे येऊन, ज्याला काढायचं त्याच्या डोळ्यांत बघून, त्याचं नाव स्वतःच्या तोंडाने घ्यावं. कळावे.’