घड्याळाच्या पाठीवरचं नाव

दातांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्याचे डोळे पेपरात होते. कान मात्र शेजारी बहिणीशी बोलणाऱ्या इतिहासाच्या बाईंकडे.

“दहावीच्या वर्गाला म्हटलं, यादवीच्या काळातली घरातली एखादी वस्तू आणा. एकीनं टेबलावरचं घड्याळ आणलं.”

“मग?”

“तिच्या मैत्रिणीनं ते उलटं केलं आणि पांढरीफटक पडली. मागे त्या मैत्रिणीच्याच आजोबांचं नाव कोरलेलं!”

“अगं बाई! त्यांना तर नेसत्या वस्त्रानिशी घर सोडावं लागलं होतं ना?”

“हो ना. घड्याळवाली रडतच घरी गेली. आजीला म्हणाली, परत देऊन टाकू.”

“आजी काय म्हणाली?”

म्हाताऱ्याने पान उलटायचं थांबवलं.

“म्हणाली, घड्याळ खुशाल दे. फक्त आपण राहतो ते घर कुणाचं, ते विचारू नकोस.”